जसुबेनच्या यंत्रातली कॉफी

माझी फजिती ऐकायचीच असेल तर आधी एक गोष्ट मान्य करा: विजेच्या बाबतीत माझी काहीही चूक नव्हती. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करणाऱ्याला एवढं तरी म्हणू द्या.

तेव्हा आम्ही सुरतेत, नानपुऱ्यात राहत असू. शेजारच्या जसुबेन, तिथल्या राजवटीने हाकलल्यामुळे, आफ्रिकेतलं कंपाला कायमचं सोडून आल्या होत्या. घर, दुकान तिथेच राहिलं; बरोबर आलं ते कॉफीचं एक इटालियन यंत्र. इथे त्याचंही एलिमेंट जळालं. आणि रविवारी कंपालाचे जुने शेजारी त्यांना प्रथमच भेटायला येणार होते.

"भाई, आटलुं चालु करी आप ने," त्या म्हणाल्या. "घर तो गयुं, कॉफी तो पिवडावुं."

मी जुनं एलिमेंट काढलं. त्यावर क्षारांचा जाड थर होता. उष्णता पाण्यात जाईना, म्हणूनच ते जळालं. गिरण्यांचे हीटर बनवणाऱ्याकडून तंतोतंत तसंच करून घेतलं. पण बॉयलर आतून क्षारांनी भरलेलाच राहिला, तर नव्याचीही तीच गत होणार. तोंड अरुंद, हात आत जाईना. तेव्हा तांब्या-पितळेसाठी आई करते तोच उपाय केला: आमसुलं, मीठ आणि गरम पाणी. रात्रभर भिजवलं, सकाळी पाणी ओतून दिलं. एलिमेंट बसवलं, अर्थिंग पुन्हा पुन्हा तपासलं. बटण दाबताना मी लाकडी पाटावर उभा राहिलो. जसुबेननाही एका पाटावर उभं केलं.

रविवारी वाफ फुसफुसली, कॉफी कपात उतरली. जसुबेनचे डोळे भरून आले. त्यांनी दूध घातलं, ते फाटलं.

"दूध वासी हशे," पाहुण्यांपैकी विनुभाई म्हणाले.

ताजं दूध आणलं. तेही फाटलं. मग सर्वांनी काळीच घेतली. पहिल्या घोटानंतर सगळे कपात डोकावून पाहू लागले.

"कंपालामां आवी नहोती," विनुभाई हळूच म्हणाले. जसुबेनचा चेहरा उतरला.

इथे मी गप्प बसलो असतो तर? पण मी सविस्तर समजावलं, की हा नव्या धातूचा गुण आहे, दोन-तीनदा उकळलं की चव सुधारेल. शिकलेला मुलगा सांगतोय म्हणून त्या भल्या माणसांनी आणखी एकेक कप घेतला.

तेवढ्यात आई डोकावली. तिलाही कप मिळाला. तिने घोट घेतला, क्षणभर विचार केला.

"सार छान झालंय, जसुबेन. फोडणी तेवढी राहिली."

सार म्हणजे आमसुलाचं आणि फोडणी म्हणजे वघार, हे आईने विनुभाईंना समजावलं, तेव्हा ते इतके हसले की कप खाली ठेवावा लागला. मग जसुबेनही हसल्या. सुरतेत आल्यापासून त्यांना असं हसताना आम्ही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी बॉयलर उघडला. आमसुलं फुगून आतच बसली होती. घालताना मी ती मोजली होती; काढताना नाही.

यंत्र पुढे कित्येक वर्षं चाललं. पाहुणे आले की जसुबेन विचारत, "सादी पिशो, के भाईवाळी?" आणि विनुभाई दर वेळी अत्यंत गंभीरपणे म्हणत, "भाईवाळी. पण वघार साथे."