मीनाक्षीकाकूंच्या बुटक्या टेकड्या

मीनाक्षी खळदकर मूळच्या अकोल्याच्या. "आमच्याकडे उंच म्हणजे गच्ची," असं त्या सांगतात. लग्नानंतर त्या अमेरिकेत आल्या आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात राहून तेवीस वर्षं एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गोळ्या तपासत राहिल्या. गोळी ठराविक उष्णतेत, ठराविक दमटपणात ठेवायची आणि दर काही महिन्यांनी काढून बघायची, बिघडली की चांगली आहे. साठाव्या वर्षी रिटायर झाल्या तेव्हा ऑफिसनं त्यांना एक खुर्ची दिली. झुलणारी. ती खुर्ची आता माझ्या घरात आहे, कारण मी त्यांची शेजारीण आणि त्यांना तिच्यात बसायला वेळ नाही.

हे टेकड्यांचं वेड लागलं स्कॉटलंडमध्ये. त्यांची मुलगी अनया ग्लासगोला शिकायला होती. ऑक्टोबरमध्ये काकू तिला भेटायला गेल्या, तर तिनं एका शनिवारी आईला बसमध्ये घातलं आणि एका टेकडीच्या पायथ्याशी उतरवलं. टेकडीचं नाव काकूंना अजून उच्चारता येत नाही. ओलं गवत, गंजाच्या रंगाचे झालेले नेचे, आपल्याकडे टक लावून बघणाऱ्या मेंढ्या. काकूंनी साडीचा विचार सोडून अनयाची पँट घातली होती, ती दोन ठिकाणी घट्ट. दीड तासात वर पोचल्या. वर दगडांचा एक ढीग आणि त्याला टेकून थर्मासमधलं सूप पिणारा एक म्हातारा.

"इथं गर्दी नाही का होत?" काकूंनी विचारलं.

"गर्दी तीन हजार फुटांवरच्या डोंगरांवर," तो म्हणाला. "त्यांची यादी असते ना, लोक एकेक खोडत जातात. ही बुटकी. हिला कोण विचारतंय?"

काकू तिथं चांगला तासभर बसल्या. धुक्यामुळे दिसत काहीच नव्हतं. परत आल्या त्या थेट नकाशे घेऊनच बसल्या.

कॅरीतल्या मराठी मंडळींना यातलं काही कळेना. आमच्याकडे फॉल कलर्स बघायचे म्हणजे पहाटे उठून चार तास ड्राइव्ह करून पश्चिमेच्या मोठ्या पर्वतांत जायचं, असं ठरलेलं. आमच्या आसपास डोंगरच नाहीत, असं आम्ही सगळे वीस वर्षं छातीठोकपणे सांगत होतो. काकूंनी शोधले. चारशे फूट, पाचशे सत्तर फूट, एक तर चर्चच्या मागे. दर शनिवारी एक. त्यांना हायवेवर गाडी चालवायला आवडत नाही, म्हणून त्यांचे यजमान दिगंबरकाका चालवायचे. काका पायथ्याशी गाडी लावत, सीट मागे घेत आणि फोनवर जुनी नाटकं ऐकत.

"चला की हो वर," काकू म्हणायच्या.

"तू जा. मी गाडी सांभाळतो."

"गाडी कोण नेणार आहे या रानात?"

"म्हणूनच तर सांभाळायला सोपी."

दोन वर्षं हा संवाद झाला. काकांची त्याआधी बायपास झाली होती. डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं होतं आणि ते रोज सोसायटीच्या तळ्याभोवती सपाट रस्त्यावर चालायचे. चढ लागला की वळायचे. काकूंना वाटायचं, आळस.

त्यातच रॉय भेटला. नोव्हेंबरचा महिना होता. कॅरीपासून दीड तासावर एक टेकडी, सहाशे चाळीस फूट. काकू तपकिरी कोट घालून पानांतून वर चालल्या होत्या, आणि एकदम झाडावरून आवाज आला, "थांबा!" झाडाला लावलेल्या मचाणावरून सत्तरीचा एक माणूस उतरला, बंदूक पाठीला.

"बाई, तुम्ही हुबेहूब हरणासारख्या दिसताय," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "शिकारीचा हंगाम चालू आहे. आणि तुम्ही माझ्या जमिनीत आहात."

 सॉरी, सॉरी म्हणत काकू परत फिरायला लागल्या. तर त्यानं स्वतःची भडक केशरी टोपी काढून त्यांच्या डोक्यावर घातली आणि म्हणाला, "आता इतकं चढून आलाच आहात, तर वर जाऊन या." त्याचं नाव रॉय मकास्किल. त्याचे पूर्वज अडीचशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या एका बेटावरून आलेले. काकूंनी ते ऐकून त्याला ग्लासगोची सगळी कथा सांगितली. तो स्वतः कधीच तिकडे गेला नव्हता.

त्या खाली आल्या तेव्हा काकांनी नाटक बंद केलं. "हे काय? संन्यास घेतलास की काय?"

पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीला मोठं वादळ आलं. पश्चिमेच्या पर्वतांत पूर येऊन रस्ते, पूल, घरं वाहून गेली. आमच्या मराठी मंडळानं मदतीचे ट्रक पाठवले आणि फॉल कलर्सची ट्रिप कॅन्सल केली. तेव्हा मंडळाचा अध्यक्ष श्रीराम काकूंकडे आला.

"काकू, लोक विचारतायत. तुमच्या एखाद्या टेकडीवर नेता का सगळ्यांना?"

"अरे, तिथं बघण्यासारखं काही नसतं," काकू म्हणाल्या. पण त्यांचे कान लाल झाले होते. आयुष्यात त्यांनी कधी चारचौघांत भाषण केलं नव्हतं, आणि इथं अडतीस नावं आली.

त्यांनी रॉयला फोन केला. त्यानं दोन अटी घातल्या. रविवारी चर्च सुटल्यावर यायचं आणि प्रत्येकानं केशरी घालायचं. त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी रॉयच्या शेतावर जे उतरलं, ते बघण्यासारखं होतं. केशरी कुर्ते, केशरी दुपट्टे, एक जण कामाच्या साइटवरचं जॅकेट घालून. आणि ढोलपथकातली मंडळी तर गणपतीतले फेटेच बांधून आली होती. रॉय व्हरांड्यात उभा राहून बराच वेळ बघत राहिला.

"हरणांचं सोडा," तो म्हणाला, "आता विमानंसुद्धा तुम्हाला वळसा घालून जातील."

आम्ही वर निघालो. लाल माती, वर पानांचा थर, त्याखाली ओकची फळं. पाय घसरत होते. हिकरीची झाडं पिवळीजर्द झाली होती. काकू पुढे, आणि दर शंभर पावलांनी मागे वळून माणसं मोजत होत्या. चाळीस मिनिटांत माथा आला. माथा म्हणजे दहा-बारा पांढरे दगड आणि भोवती झाडंच झाडं.

"व्ह्यू कुठंय?" कुणीतरी विचारलं.

काकूंनी कागदावर भाषण लिहून आणलं होतं. तो कागद त्यांनी उलटसुलट केला आणि परत खिशात घातला. "व्ह्यू नाहीये," त्या म्हणाल्या. "बसा जरा."

लोक बसले. पहिली पाच मिनिटं अवघडच होती, फोन काढून रेंज शोधणं चाललं होतं. रेंज नव्हती. मग वारा आला आणि ओकची फळं पडायला लागली. टक्, टक्, फेट्यांवर, दगडांवर, एक थेट श्रीरामच्या टकलावर. सगळे हसले, आणि त्यानंतर कुणी उठायची घाई केली नाही. मी दगडाला पाठ लावून वर बघत होते. पिवळ्या पानांतून येणारा उजेड माणसांच्या तोंडावर पडला होता.

आणि तेवढ्यात काकूंनी कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे वळल्या. "चहा! अगं इला, चहा डिकीत राहिला!"

अडतीस माणसांचा आल्याचा चहा, तीन मोठ्या थर्मासांत. काकू खाली जायला उठल्याच होत्या.

खाली काय झालं ते काकांनी नंतर सांगितलं. ते नेहमीप्रमाणे गाडीत होते. काहीतरी घ्यायला डिकी उघडली, तर थर्मास दिसले. फोन लागेना. दहा मिनिटं ते थर्माससमोर उभे राहिले. मग दोन दोन्ही हातांत घेतले, तिसरा काखेत, आणि चढायला लागले. पहिल्याच वळणावर छातीत धडधडायला लागलं आणि ते एका ओंडक्यावर बसले. तिथं रॉय त्याच्या कुत्र्याला घेऊन मागून आला.

"ठीक आहात?" रॉयनं विचारलं.

"बायपास झालीय," काका म्हणाले. अमेरिकेत इतकी वर्षं राहून त्यांनी हे कुणा अनोळखी माणसाला पहिल्यांदाच सांगितलं.

रॉयनं शर्टाची वरची दोन बटणं काढली. त्याच्या छातीवर उभा व्रण होता. "माझी चार ठिकाणी. तुमची?"

"तीन."

"मग तुम्ही तरुण आहात. आणा ते इकडे."

रॉयनं दोन थर्मास घेतले, काकांनी एक. वीस पावलं चालायचं, थांबायचं, श्वास खाली बसला की पुन्हा वीस. काकू निघणार एवढ्यात झाडीतून आधी कुत्रा आला, मग रॉय, आणि मग घामानं भिजलेले, कानात अजून इअरफोन असलेले काका. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बहुतेकांनी चहासाठी.

काकूंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या काकांजवळ जाऊन बसल्या. मी कप भरत होते, म्हणून मला ऐकू आलं.

"मला वाटायचं, चढताना मध्येच काही झालं तर," काका म्हणाले. "तू एकटी काय करशील."

"मग सांगायचं ना. मी दोन वर्षं आळशी म्हणत बसले."

"आळशी बरं वाटत होतं. भित्रा म्हणाली असतीस तर?"

 काकूंनी काकांच्या कानातला इअरफोन काढला, त्यांची नाडी बघितली आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजली. प्रयोगशाळेतली सवय. मग म्हणाल्या, "उत्तम आहे. चहा घ्या."

रॉयनंही चहा घेतला. त्यांच्याकडे गोड चहा बर्फ घालून पितात. गरम, आल्याचा घोट घेतल्यावर त्यानं डोळे मोठे केले, आणि मग दुसरा कप मागितला.

उतरताना काका आमच्या सगळ्यांच्या मागे होते आणि काकू त्यांच्याही मागे. त्यांनी माणसं मोजायची सोडून दिली होती. आम्ही अडतीस गेलो होतो आणि अडतीसच परत आलो, हे मीच मोजलं. काकांना धरून एकोणचाळीस.

त्यानंतर काका दर शनिवारी चढतात. डॉक्टरांना विचारून, रॉयच्या हिशेबानं, वीस पावलं आणि थांबा. आता आम्ही सहा-सात जण नेमानं जातो. काका हल्ली टेकडीची उंची आम्हाला आधीच सांगतात आणि त्यात नेहमी वीस-तीस फूट वाढवतात.

गेल्या नोव्हेंबरात दिवाळीनंतर आम्ही व्हर्जिनियाच्या सीमेजवळची एक टेकडी धरली. काट्याकुट्यातून सव्वा तास चढून वर पोचलो, तर माथ्यावर पाण्याची भलीमोठी टाकी, भोवती तारेचं कुंपण. सगळ्यात उंच जागा कुंपणाच्या आत. काकूंनी कुंपणाला एक फेरी मारली, बाहेर एक उंचवटा शोधला आणि त्यावर उभ्या राहिल्या. "हा माथा," त्या म्हणाल्या. आम्ही तिथंच बसून डबे उघडले.

थोड्या वेळानं पलीकडून ट्रक आला. पाणीखात्याचा माणूस उतरला.

"तुम्ही इथं कसे आलात?"

"चढून," काकू म्हणाल्या.

"चढून? अहो, त्या बाजूनं डांबरी रस्ता आहे. गाडी थेट वर येते."

 काकांनी उठून त्याच्यापुढे शंकरपाळ्यांचा डबा धरला.

"आम्हाला माहीत होतं," ते साफ खोटं बोलले.

त्यानं एक खाल्ला, मग मूठभर घेतले आणि कुंपणाला टेकून आमच्याबरोबर बसला.