हातमोजे घालून चाचणी

माझ्या मामेसासऱ्यांनी तपासल्याशिवाय जगात कशावरही विश्वास ठेवलेला नाही, आणि त्यात मीही आलो. त्यांची नोकरी सैन्याच्या सामानाच्या चाचण्या घेण्याची, पण खोड चोवीस तासांची. "वस्तू चालते का, ते दुकानदारही सांगतो. तिच्यानं काम होतं का, ते बघायचं," असं ते येताजाता ऐकवत. वारज्याच्या त्यांच्या सोसायटीत नवी लिफ्ट बसली तेव्हा बाकीचे पेढे खात होते आणि मामांनी मला रुग्ण ठरवून, खुर्चीत बसवून, चौघांकरवी चौथ्या मजल्यावरून खाली न्यायला काढलं. खुर्ची लिफ्टच्या दारात अडकली, तिच्यासकट मीही. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "मामा, आजारी पडायची तारीख आधी कळवा. दार रुंद करून ठेवतो." मामांनी तेही वहीत टिपून घेतलं.

निवृत्तीला चार महिने उरले तेव्हा त्यांच्या हाती बर्फातल्या चौक्यांसाठीचा एक वायरलेस संच होता. कित्येक वर्षं त्यांनी त्याच्यामागे घातली होती. संच सगळ्या चाचण्यांत पास झाला होता, फक्त मामांची सही राहिली होती. नेमकी तेव्हाच त्यांना शंका आली. संचाच्या मापाचा लाकडी ठोकळा करून, त्यावर बटणं बसवून ते मला मार्केट यार्डातल्या ओळखीच्या शीतगृहात घेऊन गेले. जाडजूड हातमोजे चढवून मला सफरचंदांच्या पेट्यांवर बसवलं. अर्ध्या तासानं म्हणाले, "तुमचा साथीदार जखमी आहे. मदत मागवा." बधिर बोटांनी मी प्रत्येक वेळी दोन बटणं एकदम दाबली. "जावईबापू, तुमचा साथीदार गेला," मामा म्हणाले, आणि हसले नाहीत.

मग त्यांनी कचेरीत रीतसर, जवानांच्या हाती खरा संच देऊन तीच चाचणी घेतली. निकाल तोच लागला. मामांनी सही नाकारली. नवी बटणं म्हणजे आणखी वर्षभर काम, म्हणजे त्यांच्या संचावर सही दुसऱ्याची. मी तसं बोलून दाखवल्यावर ते म्हणाले, "जवानाच्या बोटांना माझ्या निवृत्तीशी काय घेणं?"

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या इंजिनिअर बाईंचा फोन आला. संच पास झाला होता.

"हातमोजे घालून?" मामांनी विचारलं.

"हो सर. बर्फात. निरोप गेला, आणि मदतीची तुकडीही पोचली."

सही कुणाची, हे त्यांनी विचारलंच नाही. मला त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. मामा मात्र त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले.