खर्डी ते मुरबाड, कॅरियरवर शिलाई मशीन

माझा नातू आणि त्याचे चार मित्र या हिवाळ्यात शहापूर-मुरबाडच्या रानवाटांनी सायकलवर फिरणार आहेत, डांबरी रस्ता टाळून. त्याला बाइकपॅकिंग म्हणतात म्हणे. परवा सगळे माझ्या खाटेभोवती मोबाईल घेऊन बसले. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही या भागात सायकल चालवलीय ना? एखादा ऑफ-रोड रूट सांगा की." मला हसू आलं आणि रागही आला. रस्ता सोडून चालण्यात आमच्या पिढ्या गेल्या रे, आम्हाला हौस होती ती रस्त्यावरून जायची! तरी म्हटलं, सांगतो, पण माझ्या पद्धतीने. म्हणून वहीत लिहून काढलंय. त्याने टाइप करून ब्लॉगवर टाकायचं, मधला एक शब्द गाळायचा नाही.

गोष्ट साठ सालच्या आसपासची. मी वीस-एकवीस वर्षांचा, कसाऱ्याला रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस. घर खर्डीजवळच्या एका गावाच्या कुसाबाहेर. आमच्या वस्तीने नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, भिंतीवरचे जुने देव उतरवले होते. गाव मात्र आम्हाला जुन्याच नावाने ओळखत होतं.

थोरल्या बहिणीला आम्ही बाय म्हणायचो. तिला मुरबाड तालुक्यात, काळू नदीपलीकडच्या एका गावात दिली होती. गावाचं नाव लिहीत नाही, आज तिथे माझे मित्र आहेत. बाय आणि भावजी तिथल्या एका बड्या शेतकऱ्याच्या खळ्यावर राबायचे. सगळे त्याला पाटील म्हणत. हाक आली की हातातला घास टाकून जायचं, अशी रीत. बाय लग्नाआधी कल्याणला मावशीकडे शिवण शिकली होती. तिने निरोप धाडला होता, "मला मशीन मिळालं तर मी खळं सोडीन." मी कल्याणहून हाताने फिरवायचं एक जुनं मशीन आणलं. आता ते तिच्यापर्यंत पोचवायचं होतं.

एसटीने नेता आलं असतं. पण मी नुकतीच सायकल घेतली होती, जुनी, काळी, चोवीस इंची, आणि मला ती बायला दाखवायची होती. खरं कारण एवढंच, उगाच मोठेपणा कशाला सांगू!

आता सामान, कारण तुम्ही पोरं आधी तेच विचारता. चेनकव्हर काढून टाकलं, त्यात चिखल आणि काटक्या अडकतात. मागच्या टायरला आतून जुन्या टायरचा तुकडा लावला, कारण सगळा भार तिथेच येणार होता. हवेचा पंप, पान्हा, सोल्यूशन, ट्यूबचे तुकडे, चाकाच्या दोन जादा तारा. मशीन गोणपाटात गुंडाळून, खाली भाताचा पेंढा घालून काथ्याने कॅरियरला आवळलं. दांड्याला पाण्याचा भोपळा आणि भाकरी-सुकटीची पुरचुंडी. हँडलला माझा पितळी पेला. माझा नातूही बॅगेला मग लटकवतो, छान दिसतो म्हणून. मी पेला घेतला कारण वाटेत कुणी आपला देणार नव्हतं, आणि भोपळा घेतला कारण विहिरीला हात लावू देणार नव्हतं.

रूट मात्र बाबांचा. आयुष्यभर मजुरीसाठी ते या दोन तालुक्यांत पायी फिरले होते. सारवलेल्या अंगणात काटकीने रेघा ओढत त्यांनी सांगितलं, "भातसा उतरलास का मसणवटीच्या मागून जा. मंग उकिरडा लागंल, त्याच्या डाव्या हाताला पायवाट हाय. गुरं धुत्यात त्याच्या खालून वढा वलांड." असं करत ते थेट काळूपर्यंत पोचले. माझ्या ध्यानात आलं की त्या नकाशात एकही गाव नाही, नुसत्या गावांच्या पाठी आहेत.

मी म्हटलं, "बाबा, गावातून सरळ रस्ता हाय ना?"

"हाय. पन बायच्या गावात पाटलाच्या वट्याम्होरं आपल्या माणसाला सायकलवरनं उतरावं लागतं. चपला हातात घ्याव्या लागतात."

"आन तुमी?"

"मी आजपत्तुर कुनाच्या वट्याम्होरं चपला काढल्या नाय," बाबा ताठ होत म्हणाले. "मी गावातून गेलोच नाय कदी."

त्यांचा हा अभिमान मला तेव्हा भित्रेपणा वाटला होता.

पहिल्या दिवशी उजाडताना निघालो. खर्डीहून भातशाच्या खोऱ्यात उतरणारी ती वाट शोधू नका, ती आता धरणाच्या पाण्याखाली आहे. तेव्हा नदी पौषात गुडघाभर असायची. आधी मशीन डोक्यावरून पलीकडे नेलं, मग परत येऊन सायकल खांद्यावर घेतली. पुढे डोळखांबच्या बाजूला चढ सुरू झाला. मागे वजन असलं की चढावर पुढचं चाक उचलतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा भाऊ, जड सामान मागे एकटं बांधू नका, पुढेही काही ठेवा. मी एक धोंडा उचलून हँडलला पिशवीत टांगला. घरचं ओझं कमी होतं म्हणून रानातलं घेतलं!

सागाच्या वाळक्या पानांवर चाक घसरत होतं. दुपारपर्यंत दोन पंक्चर झाले, दोन्ही काट्यांचे. भात निघाल्यावर त्याच शेतांत वाल पेरतात आणि गुरं शिरू नयेत म्हणून काटेरी फांद्यांची कुंपणं घालतात. वाट त्याच कुंपणांच्या कडेने जाते. संध्याकाळी एका ठाकरवाडीत मुक्काम मागितला. तिथल्या म्हातारीने नाचणीची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं, आणि गोणपाट चाचपून पाहिलं.

"ह्यात गानी वाजतात का रे?"

"गानी नाय गो आजी, कपडं शिवतं ते."

"मंग माजी चोळी फाटलीय, ती शीव की."

मला शिवता येत नाही म्हटल्यावर ती खो खो हसली. "आन येवढं वझं वाहून चाललास?" त्या घरात मला कुणी जात विचारली नाही, पाणी त्यांच्याच तांब्यातून मिळालं.

दुसऱ्या दिवशी किन्हवलीकडची उतरण सोपी गेली. वाटेतल्या एका टपरीवर आमच्यासाठी खिळ्याला वेगळा कप टांगलेला होता, कान तुटलेला. मी माझा पितळी पेला पुढे केला. टपरीवाल्याने कुठला, कुणाचा ते विचारून घेतलं आणि कपाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "ह्यात जास्त मावतो." त्याने वरून धार सोडली, मी पैसे फळीवर ठेवले आणि मुद्दाम सगळ्यांसमोर बसून सावकाश चहा प्यालो. लहानसा विजय होता, पण तोंडाला चव आली.

काळू ओलांडली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. बाबांच्या नकाशातली शेवटची खूण, गावामागची पायवाट, मला सापडली आणि सापडून उपयोग झाला नाही. या वर्षी तिथेही वाल पेरला होता. वाटेवर उंचच उंच काटे रचलेले. मशीन घेऊन त्यातून जाणं अशक्य होतं. उरला तो गावातला रस्ता.

मनाशी ठरवलं, उतरायचं नाही. मान वर, पाय पेडलवर. पाटलाच्या ओट्यावर तीन-चार माणसं बसली होती. त्यातला एक नुसतं एवढंच म्हणाला, "ए, उतर रे."

आणि मी उतरलो. ठरवलं होतं ते डोक्यात राहिलं, पायांनी मला विचारलंसुद्धा नाही. चपला काढून हँडलला अडकवल्या आणि खाली बघत चालू लागलो. त्यात आणखी एक फजिती. कॅरियरवर मशीन असल्यामुळे मागून टांग टाकता येत नव्हती, चढायला उंच दगड लागायचा. गाव संपलं तरी दगड मिळेना. डुगडुगती सायकल ढकलत वस्तीपर्यंत गेलो, मागे हसण्याचा आवाज. इतकी वर्षं झाली, अजून तो आवाज आठवला की कान तापतात.

बातमी माझ्याआधी पोचली होती. बाय दारातच उभी होती.

"उतरलास ना? बरं केलंस."

"बरं कसलं गो?"

"तू उद्या जाशील रघू. आमाला हितंच राह्याचंय. उद्या खळ्यावर बोलावनार कोन, नाय बोलावनार कोन, ते तोच ठरवतो."

मग तिने गोणपाट सोडलं. दिवेलागणीच्या आत तिने तेल घातलं, दोरा ओवला, पोराच्या अंगरख्याची उसवलेली बाही चढवली आणि मशीनची मूठ फिरवली. टाके सरळ पडले. वस्तीतल्या बाया गोळा झाल्या. भावजी कोपऱ्यात बसून नुसते बघत होते. बायने शिवण संपवली आणि दात लावून दोरा तोडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तर बाय लुगडं खोचून, पिशवी घेऊन तयार.

"सरळगावच्या बाजारातनं दोरा आनायचाय. मला सोड."

"बाय, मधी तो वटा हाय. उतरावं लागंल."

"काल तू उतरलास," ती कॅरियरवर बसत म्हणाली. "आज मी चढलेय. चल."

मी भावजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "तिनं रातीच ठरवलंय. मी बी हो म्हटलंय." मग ते आत गेले आणि चुलीशी बसले.

खोटं कशाला सांगू, मी घाबरलो होतो. काल माझ्या एकट्याची अब्रू होती, आज तिच्या घरची भाकर होती. ओटा दिसू लागला तसा माझा वेग आपोआप कमी झाला. पाठीमागून बायने विचारलं, "ह्या सायकलला घंटी हाय का रे?"

"हाय."

"मंग वाजव की!"

मी वाजवली. ओट्यावरची माणसं वळली. आज पाटील स्वतः होते, दात घासत. "उतर ए! कोन ती मागं?"

बाय मोठ्याने म्हणाली, "मीच हाय. आज नाय उतरनार, बाजाराला उशीर होतोय."

बस, एवढंच म्हणाली. शिवी नाही, भाषण नाही. मी पेडल मारत राहिलो. मागून एक ढेकूळ आलं आणि मडगार्डवर फुटलं. बायने लुगड्यावरची माती झटकली आणि म्हणाली, "बघून चालव, दगड हाय म्होरं." सरळगावपर्यंत आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो. तिने पांढरा, काळा आणि लाल दोरा घेतला. भावजी तिला न्यायला दुपारी येणार होते.

फुकट काही मिळत नाही. त्या वर्षी भावजींना खळ्यावर कुणी बोलावलं नाही. दोन महिने त्यांनी आसनगावला वीटभट्टीवर काढले. बायने मात्र मशीन थांबू दिलं नाही. आधी वस्तीतल्या चोळ्या, मग शेजारच्या पाड्यांतल्या. आणि उन्हाळ्यात वाल निघून ती काट्यांची वाट मोकळी झाल्यावर पाटलाच्या घरच्या बाया पदर डोक्यावरून ओढून, मागच्या वाटेने, उकिरड्याला वळसा घालून बायकडे ब्लाउज शिवायला येऊ लागल्या. बायने त्यांना मापं घेताना कधी टोमणा मारला नाही. तेवढा मी मारून घेतो इथे.

परतीच्या वाटेवर मी नकाशा उलटा केला. बाबांनी ज्या ज्या गावाच्या मागून जायला सांगितलं होतं, त्या प्रत्येक गावातून गेलो. कुठे शिव्या बसल्या, कुठे कुत्री मागे लागली, बऱ्याच ठिकाणी कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तुम्हाला सल्ला हवाय ना? ऑफ-रोड जरूर जा. चुकलेल्या वाटेसारखी मजा नाही. फक्त एखाद्या गावामागच्या पायवाटेवर चाक घालाल तेव्हा थांबून विचारा, ही वाट कुणी पाडली आणि रस्ता शेजारी असताना का पाडली.

घरी पोचलो तेव्हा बाबा अंगणात दोरी वळत बसले होते. मी सायकल टेकवली.

"कुठनं आलास?"

"गावातनं. बायच्या गावातनंबी. आमी दोघं. उतरलो नाय."

मला वाटलं रागावतील. त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली. जरा लाजत त्यांनी विचारलं, "त्या गावात मधी काय हाय रे?"

चाळीस वर्षं ते त्या गावामागून जात होते. मी आठवून सांगितलं, "काय नाय बाबा. एक वड हाय, त्याला पार बांधलाय. चावडी हाय, कौलं फुटल्याली. एक दुकान. दोन-चार वटे."

बाबा माझ्याकडे बघत राहिले.

"येवढंच?"

"येवढंच."

त्यांनी दोरी परत उचलली, पण वळली नाही. पुढच्या रविवारी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, नव्या चपला घातल्या आणि माझ्या कॅरियरवर येऊन बसले.