वहिनी आधी दवाखाना विचारतात

रजईला खोळ अर्धी चढली होती. दोन कोपरे जागेवर बसले होते आणि तिसऱ्याच्या शोधात वहिनी खांद्यापर्यंत खोळीत शिरल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

"तुझ्या धाकट्या दिराचाच असणार," पलीकडच्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या. "सकाळपासून दुसऱ्यांदा. दात कमी उपटतो आणि फोनच जास्त करतो."

फोन दिराचाच होता. "वहिनी, ठरलं का? बोटवाला दुपारपर्यंतच थांबतोय, मग ती तारीख दुसऱ्यांना देणार. आणि तो म्हणतो, बुडालेल्या जहाजाचा वरचा मजला खचायला लागलाय. पुढच्या वर्षी बघायला काही उरणार नाही."

तसं पाहिलं तर वहिनी पोहण्याच्या तलावावर शिकवणाऱ्या बाई. सकाळी लहान मुलांना पाण्यात तोंड घालायला शिकवायचं, दुपारी आजीबायांना हातपाय हलवायला. पण वर्षातून एकदा त्या, नवरा आणि हा दंतवैद्य दीर खोल समुद्रात उतरायचे, इतके खोल की साधी हवा श्वासात घेतली तर दारू प्यायल्यासारखं डोकं फिरतं. म्हणून ऑक्सिजन आणि नायट्रोजनमध्ये हेलियम मिसळून घ्यायचा. खाली मिनिटं घालवायची आणि वर येताना ठिकठिकाणी थांबत तास काढायचे. कुठे उतरायचं हे वहिनींनी ठरवायचं, हा घरातला कायदा. नवरा त्यावर मत देत नसे. तो सामान उचलायचा आणि सुखात असायचा.

ठिकाण निवडायची वहिनींची रीत मात्र उलटी. बाकीचे खाली काय बघायला मिळेल तिथून सुरुवात करतात, या वरून करायच्या. जवळच्या दवाखान्यात दाबाची खोली आहे का? घाईने वर आलेल्या माणसाच्या रक्तात बुडबुडे होतात, त्याला त्या खोलीत ठेवून हळूहळू बरं करावं लागतं. मग गॅस, मग बोट, मग पाणी. बघायचं काय, ते सर्वात शेवटी. दीर चिडवायचा, "आम्ही जहाज बघायला जातो, वहिनी दवाखाना बघायला!"

जहाज बुडालं होतं त्याच्या जवळच्या बेटावरच्या दवाखान्यात त्यांनी स्वतःच फोन लावला. "खोली आहे हे माहीत आहे हो, सिस्टर. चालू आहे का?"

"चालू म्हणजे काय, परवाच एक जण बसून गेला आत. वर्तमानपत्र मागत होता."

वहिनींचं समाधान झालं. मग बेटावरच्या पाणबुड्यांच्या दुकानात फोन. हेलियम मिळेल ना?

"हवा तेवढा, ताई! हॉलवाल्यांना देतो त्यातलाच देऊ."

"कसले हॉलवाले?"

"वाढदिवसाचे. फुगे भरायला नेतात ना."

वहिनींनी फोन कानापासून लांब धरला, हसू आवरलं आणि पुन्हा कानाला लावला. माणूस लबाड नव्हता. त्याच्याकडे येणारी गिऱ्हाइकं साध्या हवेवर मासे बघून परत जात. फुग्यांच्या गॅसमध्ये हवा किती मिसळलीय, तो श्वासासाठी तपासलाय का, हे विचारायची वेळच त्याच्यावर आली नव्हती. आत्ता तो पहिल्यांदाच विचारात पडला. "नको मग, ताई. खरंच नको. तुम्ही तुमचा घेऊन या."

"मग रद्द कर की," सासूबाई म्हणाल्या. "देवाने माणसाला कल्ले दिले नाहीत ते काय विसरून?"

"नाही दिले, पण अक्कल दिलीय ना, आई? ती वापरते आणि जाते."

वहिनींनी हे दिराला कळवलं. या जहाजासाठी त्याने तीन उन्हाळे वाट पाहिली होती. तो हळूच म्हणाला, "वहिनी, जुने लोक सत्तर-ऐंशी मीटर साध्या हवेवर जायचेच की."

"जायचे. त्यातले किती वर यायचे, तेही विचारा कुणाला तरी."

"बरं बाई, चुकलो. मग?"

"मग आपण मिश्रण इथेच तयार करायचं, आपल्या यंत्रावर तपासायचं आणि सिलिंडर पुढे पाठवायचे. विमानात भरलेले घेत नाहीत, म्हणजे मालवाहू बोट. ती आठवड्यातून एकदाच जाते."

"म्हणजे पुढच्या आठवड्यात?"

वहिनींनी भरती-ओहोटीचं कोष्टक पुढे ओढलं. "पुढच्या आठवड्यात उधाण आहे. वर येताना प्रवाह दोरी धरून थांबू देणार नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात भांगाची भरती, पाणी शांत. तेव्हा."

"आणि बोटवाल्याने नाही म्हटलं तर?"

"तर तुमचं जहाज बघायचं राहील, पण तुम्ही जिवंत राहाल. फोन ठेवा, मला त्याच्याशी बोलू द्या."

बोटवाला आधी कुरकुरला. उशीर, दुसरी मंडळी, डिझेल. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दादा, उधाणात तुम्हाला तरी तिथे नांगर टाकायला आवडेल का? खरं सांगा."

 पलीकडून खाकरल्याचा आवाज. "नाही आवडणार. भांगाला या. पण नक्की ना? मी दुसऱ्यांना नाही म्हणतोय."

"नक्की. लिहून टाका."

वहिनींनी क्षणभर डोळे मिटून हात जोडले आणि दिराला पुन्हा फोन लावला. तो इतक्या जोरात ओरडला की खुर्चीतून सासूबाईंनी विचारलं, "त्याचाच दात उपटला की काय कुणी?"

"त्या आठवड्यातल्या सगळ्या दाढा पुढे ढकलतो, वहिनी!"

"ढकला. आणि कुणाला दुखत असेल त्याला आधीच बोलवा, तसं ताटकळत ठेवू नका."

मालवाहू बोटीवर भरलेले सिलिंडर ठेवायला जागा मोजकीच असते आणि ती आधी मागेल त्याला मिळते. वहिनींनी पायात चपला सरकवल्या. आता बंदरावरच्या मालाच्या ऑफिसात जाऊन सिलिंडरांसाठी जागा धरायची होती.