रस्त्याचं कारण

नोकरी होती तोवर गावाला न जायला मला कारण शोधावं लागलं नाही. रजा मिळत नाही, एवढं म्हटलं की काम भागायचं. निवृत्त झालो आणि ते कारण हातचं गेलं. आता काय सांगावं या विचारात होतो, तेवढ्यात सरकारने आमच्या गावचा रस्ता खोदला.

धुळ्यापासून गाव काही फार लांब नाही. हायवे सोडून फाट्यावर वळलं की आत एकच रस्ता, दोन्ही बाजूंना कपाशी, मध्ये एक नाला, आणि नाला ओलांडला की गाव. या रस्त्याचं काँक्रीट करायचं ठरलं. जेसीबी आला, त्याने एका दमात सगळा डांबरी रस्ता उखडला, नाल्यावरची मोरी फोडली आणि निघून गेला. ठेकेदाराने खडीचे ढीग टाकले, फाट्यावर ‘काम चालू, रस्ता बंद’ असा बोर्ड उभा केला आणि तोही गायब झाला. काम सोडून बाकी सगळं चालू होतं. एसटी फाट्यावरच माणसं उतरवून माघारी फिरायची. बाया डोक्यावर पिशव्या घेऊन खडीतून चालायच्या. दूधवाले मोटारसायकली नाल्यात उतरवायचे आणि कॅन सांभाळत पलीकडे चढवायचे. लग्नसराईत एक नवरदेव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची टाकून गावात आला, फेटा एका हाताने धरून. लोक हसले, पण त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी होतं, असं मला नंतर कळलं.

नंतरच कळलं, कारण मी त्या लग्नाला गेलोच नव्हतो. त्याआधी एकदा गेलो होतो, तेव्हा माझी गाडी नाल्यातल्या गाऱ्यात, म्हणजे चिखलात, रुतली. आमच्या शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून बाहेर ओढली. समोरचा बंपर निखळला. खरं सांगायचं तर धुळ्यात देवपूरला घरी परत येताना मला बंपरचं वाईट वाटलं नाही. आता वर्षभराची सोय झाली, असं वाटलं. कुणीही विचारलं की बंपरची हकिगत सांगायची.

गावात माझं एकच माणूस होतं, माझी मोठी माय. म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे मोठी माय म्हणताना ‘मोठी’ हा शब्द मी नुसता लावायचा म्हणून लावत आलो. तिला एकच मुलगी, ती लग्न होऊन सुरतेला. मोठे आबा गेले, वडील गेले, आणि दोन खोल्यांच्या त्या पत्र्याच्या घरात ती एकटी उरली. माझ्याकडे येऊन राहा म्हटलं की म्हणायची, ‘मंग देवघर कोन पाही?’ आणि मी फार आग्रह करायचो नाही. तिला शुगर आहे, हेही मला माहीत होतं.

आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवीचे रोट असतात. खानदेशातल्या माणसाला हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू आणि चण्याची डाळ मोजून घेतात आणि दळतात. तो त्याचा वाटा. अंगावरचं बाळ असलं तरी त्याचाही वाटा असतो. रविवारी पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. उरलेल्या पिठाच्या गोड पोळ्या रोज करायच्या आणि पौर्णिमेच्या आत संपवायच्या. हे अन्न फक्त त्या घरच्या माणसांनी खायचं. बाहेरच्याला द्यायचं नाही, अगदी सासरी गेलेल्या लेकीलाही नाही. म्हणून नोकरीधंद्याला गेलेली पोरं कुठूनही या दिवशी घरी येतात. वाटा मांडलेला असतो, खायला माणूस लागतं.

रस्ता खोदला त्या वर्षी रोटांच्या आदल्या दिवशी मी फोन केला. मी काही म्हणायच्या आत तीच बोलली. ‘येऊ नको रे भाऊ, गाडी फसी जाई. मी करी लिसू बठ्ठं.’ सगळं ती एकटी करून घेणार होती. मी हुश्श केलं. रविवारी ऊन पडलं होतं. आभाळात ढग नव्हता. बायकोने भजी तळली आणि मी टीव्हीसमोर बसून ती खाल्ली. फाट्यापर्यंत गाडीने जाऊन पुढे चालत जाता आलं असतं, हा विचार माझ्या मनात आला होता. आला नव्हता असं मी म्हणू शकत नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी दाराची बेल वाजली. बाहेर मोठी माय उभी. लुगडं वर खोचलेलं, पोटऱ्यांपर्यंत गारा वाळलेला, हातात भरताच्या वांग्यांची जड पिशवी. बागेच्या नळावर पाय धुतल्याशिवाय ती घरात यायला तयार नव्हती. मी पाणी सोडत होतो आणि ती वाकून घोटे चोळत होती. मी विचारलं, एवढ्या रस्त्याने कशी आलीस? ती म्हणाली, ‘पायी उनू. पायी चालनारले काय रस्ता लागस?’ ती हे टोमणा म्हणून बोलली नाही. तिला टोमणे मारता येत नाहीत, तोच तर घोळ आहे. पुढे स्वतःच म्हणाली, ‘पन तू येऊ नको हं. तुनी गाडीनं काम नही ते.’ माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी नळ बंद केला.

ज्या रस्त्याने माझी गाडी येत नव्हती, त्याच रस्त्याने ती फाट्यापर्यंत चालत आली होती. एवढं समोर दिसल्यावर माणसाने शहाणं व्हावं. मी झालो नाही. मला लाज वाटली, वांगी मात्र आम्ही दोन दिवस खाल्ली.

या वर्षी उन्हाळ्यात पुण्याला माझ्या मुलाला मुलगा झाला. मोठ्या मायला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली. ‘औंदा तुना नातूना बी वाटा टाकसू,’ म्हणाली. म्हणजे माझा, मुलाचा आणि त्या तान्ह्याचा, असे तीन वाटे. मी हो हो म्हटलं. मुलगा पुण्याहून येणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि मी जाईन की नाही हेही साधारण ठाऊक होतं.

श्रावण आला. शनिवारी मी फोन लावला आणि तिने काही म्हणायच्या आत म्हटलं, ‘मोठी माय, यायचं मनात खूप आहे, पण तो रस्ता... नाल्यात गाडी पुन्हा फसेल.’ ती म्हणाली, ‘बरं. रस्ता व्हयना का ये.’ रस्ता झाला की ये, एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. नेहमी फोन ठेवायला मलाच घाई असते.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला. मोठी माय सकाळी चुलीपुढे चक्कर येऊन पडली होती. शुगर भलतीच वाढली होती. त्याने तिला दवाखान्यात नेलं, तिथे सलाईन लावलं, आणि ती हट्टाने घरी परतली होती. मी घाबरलो. येतो म्हटलं आणि सवयीने तोंडातून गेलं, ‘गाडी फाट्यावर ठेवतो, तू तेवढा ट्रॅक्टर...’ तो मध्येच म्हणाला, ‘ट्रॅक्टर कसाले? रस्ता तं चैतमाच व्हयी गया. मोठी मायना दारसमोर एसटी थांबस.’

फाट्यावर बोर्ड नव्हता. नाल्यावर नवी मोरी होती, तिला पांढरे-पिवळे कठडे होते. काँक्रीट असं गुळगुळीत की गाडीला एक धक्का बसला नाही. धक्का बसावा अशी माझी इच्छा होती. एखादा खड्डा, खडीचा एखादा ढीग, थोडा तरी अडथळा हवा होता मला. गाणं संपावं एवढ्या वेळात गाव आलं आणि मी तिच्या दाराशी उभा होतो.

ती खाटेवर बसली होती, हाताला सलाईनची पट्टी. मला पाहून उठली आणि मी नको नको म्हणत असताना ताट वाढायला लागली. गोड पोळी, त्यावर तूप, गंगाफळाची भाजी. पिठाच्या डब्याचा तळ दिसत होता.

‘एवढं सगळं कुणी संपवलं?’ मी विचारलं.

‘कोन खाई? मीच खादं.’

‘तुला गोड चालत नाही, मोठी माय.’

‘मंग काय करू? टाकता येस नही, बाहेरना मानूसले देता येस नही. आनि पोराना वाटा कसा फेकू? पहिलंच वरीस शे त्यानं.’

म्हणजे आठवडाभर सकाळ-संध्याकाळ ती आमच्या तिघांच्या वाटची पोळी एकटी खात होती. माझी, पुण्यातल्या मुलाची, आणि ज्याचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं त्या बाळाची. गेल्या वर्षीही तिनेच खाल्ली असणार. ते मी कधी विचारलंच नव्हतं.

हातातला घास मी ताटात ठेवला. बऱ्याच वर्षांनी माझ्या तोंडून अहिराणी निघाली. ‘रस्ता व्हयी गया हाई माले काबर सांगं नही?’

तिने तुपाची वाटी माझ्याकडे सरकवली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती थकलेली दिसत होती.

‘सांगतू तं तुले दुसरं काही कारन सांगनं पडतं,’ ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, खरोखर सल्ला मागावा तशी बोलली. ‘लोके इचारेत, तुना पोऱ्या काबर येस नही? पहिले मी सांगू, रस्ता खराब शे. आते काय सांगू?’