पनामाची दोन तिकिटं आणि दोन देशमुख

सोमवारी सकाळी साडेनऊला एअरलाइनचा ईमेल आला. डुप्लिकेट बुकिंग आढळलं, एक सीट रद्द केली. रद्द झालेली सीट वसंत देशमुखांची होती. प्रवास दहा दिवसांवर आला होता आणि ते स्वस्त भाडं केव्हाच संपलं होतं.

मी आयर्लंडमधल्या एनिस गावात एका छोट्या ट्रॅव्हल एजन्सीत चौदा वर्षं काम करते. ऑफिसात दोघीच, मी आणि मालकीण मोरा. तिकिटं काय, फोनवरही काढता येतात, असं लोक म्हणतात. येतात. पुढे काही अडलं की आमच्याकडे येतात. ही तिकिटं मात्र मीच काढली होती.

राम देशमुख इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. त्याचे वडील वसंतकाका अकोल्याचे, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, तीन महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. काका दरवर्षी फळ्यावर पनामा कालवा काढायचे आणि वर्गाला विचारायचे, "अटलांटिककडून पॅसिफिककडे निघालेलं जहाज कोणत्या दिशेला जातं?" पोरं ओरडायची, "पश्चिमेला!" काका म्हणायचे, "चूक. आग्नेयेला." तिथली जमीनच अशी वळलेली आहे. तीस वर्षं हे त्यांनी पुस्तकावर विश्वास ठेवून शिकवलं. आता एकदा स्वतः बघायचं होतं.

रामला रोस्टरमधून कशीबशी पाच दिवसांची सुट्टी मिळाली होती. पुढच्या महिन्यात काका अकोल्याला परतणार होते आणि पुन्हा इतक्या लांब येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

बजेट बेताचं होतं. कालव्यातून नेणारी बोट महाग, म्हणून ती मी काढून टाकली. अटलांटिकच्या टोकाहून पॅसिफिकच्या टोकाला साधी बस जाते, ती घातली. गेस्टहाउस स्वयंपाकघर असलेलं शोधलं, कारण काका खिचडीचं सामान बरोबर नेणार होते. काकांची मुलगी न्यू जर्सीत, त्यामुळे पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा होता. वापरलेला असला की पनामाला तो चालतो. आयर्लंडचा व्हिसा मल्टी-एंट्री, म्हणजे बाहेर जाऊन परत येता येतं. सगळं ग्रँड होतं, म्हणजे इथल्या भाषेत ठीकठाक.

फक्त दोन तिकिटं मी वेगवेगळ्या दिवशी काढली होती, कारण रामच्या सुट्टीचा पत्ता नव्हता. आणि जन्मतारखा भरायच्या ठेवल्या होत्या. पासपोर्टचे फोटो आले की भरू म्हटलं. चूक माझी.

मी रामला फोन केला. ड्यूटी संपवून तो वडिलांना आणि दोन्ही पासपोर्ट घेऊन आला. मी एअरलाइनला फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडे टॉम नावाचा माणूस होता.

"एकच माणूस दोनदा बुक झालाय," तो म्हणाला. "एकदा रामचंद्र वसंत, एकदा वसंत रामचंद्र. नावं उलटसुलट टाइप झालीत."

"नाही झालेली. ते बापलेक आहेत."

"दोघांना तीच नावं?"

"आमच्यात मधलं नाव वडिलांचं असतं. आणि नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. वसंतरावांचे वडील रामचंद्र आणि मुलगाही रामचंद्र."

"म्हणजे तिसरेही प्रवासी आहेत?"

"नाहीत. ते वारले."

"सॉरी फॉर युअर ट्रबल," टॉम गंभीरपणे म्हणाला. इथे कोणी गेल्याचं कळलं की असंच म्हणतात. मग त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वीस मिनिटं हेच चाललं.

काका उठले. "जाऊ द्या बाई. पोराले जाऊ द्या. तो फोटो काढून आणन."

"बाबा, मी कालव्याजवळ जाऊन काय करू? मला पोहता येत नाही," राम म्हणाला. "ताई, तुम्ही बोला हो."

मोराने माझ्या हातातून फोन घेतला.

"टॉम, कुठला रे तू?"

"केरीचा."

"आजोबांचं नाव?"

"टॉम."

"वडिलांचं?"

"जॉन."

"तुझं पूर्ण नाव?"

"टॉमस जॉन."

"आणि वडिलांचं?"

"जॉन टॉमस."

"मग तुमच्यातल्या कोणाला रद्द करायचं, सांग."

टॉम मोठ्याने हसला. "मॅडम, त्या जन्मतारखा सांगा." त्याने सुपरव्हायझरला विचारलं. अर्ध्या तासात सीट परत मिळाली, जुन्याच भाड्यात. काका खाली बसले आणि मोराला म्हणाले, "थँक यू." मग मला मराठीत म्हणाले, "ही बाई हेडमास्तर पाहिजे होती."

दोघं जाऊन आले. रामने बसमधला व्हिडिओ दाखवला. काका खिडकीशी, मांडीवर होकायंत्र. बस वळणं घेते तशी सुई फिरते आणि काका वैतागतात. "राम, त्याले सांग, सरळ चालव!" शेजारच्या बाईला ते कालव्याची दिशा मराठीत समजावतात आणि ती दर वाक्याला स्पॅनिशमध्ये "सी, सी", म्हणजे हो, हो, म्हणते. शेवटी रस्ता सरळ लागतो. सुई थांबते. काका होकायंत्र कॅमेऱ्यापुढे धरतात. बस आग्नेयेला चाललेली असते.

अकोल्याला जाण्याआधी ते ऑफिसात आले. मोराला इंग्रजीत प्रश्न विचारला, जहाज कोणत्या दिशेला जातं? ती म्हणाली, "वेस्ट." काकांना हेच हवं होतं. त्यांनी एका ब्रोशरच्या पाठीवर कालवा काढून दिला. तो आता आमच्या किटलीच्या वर भिंतीला चिकटवलेला आहे.

मी आमचा फॉर्म बदलला. बापलेकांची नावं तीच असू शकतात, जन्मतारीख एक नसते. म्हणून आता पहिला रकाना जन्मतारखेचा आहे आणि तो भरल्याशिवाय मी तिकीट काढत नाही. जुळे भाऊ आले की बघू.