ग्लेनिसची पाचवी घंटा

आमच्या चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत, आणि त्यातली पाचवी ग्लेनिस ऑकलीची. नावावर नाही हो, पण उभी हयात तिनेच वाजवली, तेव्हा तिचीच म्हणायची. आम्हा सगळ्यांना दोर धरायला तिनेच शिकवलं. शिकवताना एकेकाची अशी सालटी काढायची की विचारू नका.

मग तिच्या उजव्या दंडाच्या हाडात कॅन्सर निघाला. हात वाचला, दंडाचं वरचं हाड काढून तिथे धातूचं बसवलं. डॉक्टर एकदम खूश. बोटं चालतात, कोपर वाकतं, लिहिता येतं, पावाचं पीठ मळता येतं. हात तेवढा खांद्याच्या वर जात नाही. कप उचलता येतो का, केस विंचरता येतात का, सगळं त्यांनी विचारलं. घंटेचं कोण विचारणार? आणि घंटेचा दोर तर दर खेपेला माणसाचे दोन्ही हात पार छताकडे खेचून नेतो.

दर रविवारी ती भर थंडीत स्वयंपाकघराची खिडकी उघडून ऐकत बसायची. पाचवी आता डॅरन वाजवायचा. डॅरन आमचा नळवाला, तिचाच चेला. मी गेले की म्हणायची, मेल्याचा ठोका आज पण मागे पडत होता. एवढं बोलून खांदा चोळत बसायची. मला तिच्याकडे बघवत नसे. कुणीतरी हातात धरून वाजवायच्या छोट्या घंटा सुचवल्या, तर तिने त्याला असं झापलं की बिचारा चहा तसाच टाकून पळाला.

शेवटी डॅरनच तिच्याकडे गेला. नवशिक्याला आम्ही आधी अर्धीच घंटा देतो. दोर खाली येतो तेव्हाचा झटका एकाने मारायचा, हात डोक्यावर जातात तेव्हाचा दुसऱ्याने.

"बाई, खालचा तुमचा, वरचा माझा," तो म्हणाला.

"म्हणजे मी आता शिकाऊ?"

"मला वर्षभर तसंच नाचवलंत की."

तिने त्याला दार दाखवलं. पुढे कितीतरी रविवार ती मनोऱ्याकडे फिरकली नाही. ईस्टरच्या सकाळी मात्र जिना चढून आली, थेट पाचवीच्या दोराशी उभी राहिली. डॅरन समोर आला.

आणि वाजली हो पाचवी! चांगला हात वर, दुखरा त्याच्याखाली कोपरात वाकवलेला. ठोका बरोब्बर जागेवर. दोर वर गेला की डॅरन टोक धरून हात उंच न्यायचा, आणि ग्लेनिस मान वर करून त्या हातांकडे बघायची.

खाली उतरताना मी विचारलं, "झालं का समाधान?"

"नाही गं," ती म्हणाली. "दोर वर जातो ना, तेव्हा जीव तुटतो माझा. डॅरनला सांग, पुढच्या रविवारी लवकर ये म्हणावं."